झाडू हाती आला, तराजूचे काय?



आर. आर. पाटील जाऊन दहा वर्षे उलटली. तरी तासगाव-कवठेमहांकाळच्या पट्ट्यात नुसते 'आबा' म्हटले की कोणते आबा, हे कोणी विचारत नाही. १९५७ साली अंजनीत जन्म, घरची गरिबी, जिल्हा परिषदेपासून सुरुवात, १९९० साली आमदार आणि तेव्हापासून, ती निवडणूक धरून, सलग सहा निवडणुकांत विजय. कारखानदारांच्या या जिल्ह्यात कारखान्याच्या जोरावर न चढलेला हा पुढारी. त्याचे अप्रूप आम्हालाही आहे.

ग्रामविकासमंत्री असताना २००० साली त्यांनी संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढले. अनुदानाची वाट न बघता गावे झाडू घेऊन रस्त्यावर उतरली. गृहमंत्री म्हणून २००५ मध्ये डान्सबार बंदी आणली, ती पुढे न्यायालयात टिकली नाही. २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. मुंबईवरील हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये पद सोडावे लागले. २००९ मध्ये पुन्हा गृहमंत्री झाले, तेव्हा गडचिरोलीचे पालकत्व मागून घेतले. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी ते गेले.

तंटामुक्तीचे मोल कोरडवाहू शेतकऱ्याला सांगायला नको. हातभर बांधासाठी दोन भाऊ कोर्टाची पायरी चढतात, तारखांमागून तारखा पडतात, आणि वाद मिटेपर्यंत बांधाच्या दोन्ही बाजूंची जमीन सावकाराकडे गेलेली असते. गावाने पारावर बसून असा तंटा मिटवला, तर तो पैसा घरात राहतो. हे काम चांगले होते. चांगल्याला चांगले म्हणण्यात आमचे काही जात नाही.

पण एक प्रश्न उरतो. या मोहिमांनी गावाला गावाचे दोष दाखवले. घाण तुमची, भांडणे तुमची, तुम्हीच निस्तरा. ठीक आहे, निस्तरली. मग सरकारच्या दोषांची मोहीम कोणी काढायची? ज्वारीला आणि कापसाला उत्पादनखर्चही न निघणारा भाव मिळतो, हा तंटा कोणत्या समितीपुढे न्यायचा? म्हैसाळ आणि टेंभूच्या पाण्याची वाट पाहण्यात एक पिढी म्हातारी झाली. पाणी आले, तर वीजबिल थकले म्हणून पंप बंद पडल्याचेही आपण पाहिले. ही घाण गावाच्या झाडूने निघत नाही.

आबांनी गावाच्या हाती झाडू दिला. तराजू मात्र व्यापाऱ्याच्या आणि सरकारच्याच हाती राहिला. हा दोष एकट्या आबांचा नव्हे. कोणत्याही पक्षाच्या मंत्र्याने तो तराजू आपणहून सोडलेला नाही.

म्हणून जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने दोन कागद आणावेत. एकावर गावातले बांधाचे तंटे. ते आपण मिटवू. दुसऱ्यावर एकरी ज्वारीचा आणि कापसाचा खरा खर्च, बियाण्यापासून घरच्या माणसांच्या मजुरीपर्यंत. पहिला कागद आपल्यासाठी, दुसरा सरकारसाठी. आपसातले भांडण मिटल्याशिवाय दुसरा कागद घेऊन एकीने उभे राहता येत नाही. आबांच्या मोहिमेतून घ्यायचे ते एवढेच.