मुरगळलेला घोटा चोळू नका

गोल्फ क्लब मैदानावरून मुलगा लंगडत घरी आला, की अम्मी आधी तेल गरम करायला ठेवते. माया खरी, पण पहिले 2 दिवस शेक आणि मालिश नकोच, सूज वाढते. कपड्यात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटे लावा, क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर ठेवा. 4 पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याचे हाड दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढाच. हाड शाबूत असेल तर ऑपरेशन सहसा लागत नाही. मात्र दुखणे थांबले की मुले लगेच मैदानात पळतात आणि तोच पाय पुन्हा मुरगळतो. एका पायावर तोल सांभाळायचा व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून काही आठवडे करवून घ्या. नमाजात बसताना घोटा दुमडून दुखत असेल, तर तेवढे दिवस खुर्चीवर नमाज अदा करायला हरकत नाही.