पटावरचा वारसा

जॉर्जियातील बातुमी येथे २८ जुलै २०२५ रोजी नागपूरच्या कु. दिव्या देशमुख हिने श्रीमती कोनेरू हंपी यांचा पराभव करून महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक पटकाविला. हा चषक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला होय. वर्ध्याहून अवघ्या ७५ किलोमीटरवरील शहराच्या कन्येचा हा पराक्रम आपल्या जिल्ह्याला घरच्या कार्यासारखा वाटावा, हे स्वाभाविकच आहे. तथापि या जयाचे खरे मोल कशात आहे, याचा विचार केल्यावाचून नुसते हारतुरे अर्पण करणे आम्हांस पुरेसे वाटत नाही.

विजेतीचे वय १९ आणि प्रतिस्पर्धिनीचे ३८, म्हणजे नेमके दुप्पट! हंपींनी पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर हा किताब मिळविला, तो २००२ साली. दिव्याचा जन्म त्यानंतर तीन वर्षांनी झाला. भारतीय मुलींना ज्या वाटेचा मागमूसही नव्हता, ती वाट हंपींनी आधी मळविली. त्याच वाटेने आलेल्या मुलीने त्यांना मागे टाकावे, यात पराभवाची नामुष्की नसून कार्याची सफलता आहे. गुरूने शिष्याकडूनच पराजय इच्छावा, ही आपली जुनी शिकवण उगीच नाही.

परंतु प्रत्येक वयोवृद्ध विजेत्यावरील मात सारख्याच मोलाची नसते. १९५१ साली न्यूयॉर्कमध्ये २८ वर्षांच्या रॉकी मार्सियानोने ३७ वर्षांच्या जो लुई यास आठव्या फेरीत लोळविले. एकेकाळचा हा अजिंक्य मुष्टियोद्धा निवृत्तीनंतर कराच्या थकबाकीपायी पुन्हा रिंगणात उतरला होता. तो जय खराच; पण त्याला विषादाची किनार होती. हंपींची गोष्ट निराळी. मातृत्वासाठी काही काळ खेळापासून दूर राहूनही त्यांनी २०१९ आणि २०२४ या दोन्ही वर्षी जलद बुद्धिबळाचे जगज्जेतेपद मिळविले होते. अंतिम सामन्याचे पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि निकाल लागला तो जलद डावांतच. ज्या प्रकारात हंपींचा हातखंडा, त्याच प्रकारात दिव्याने काळी मोहरी घेऊन निर्णायक डाव जिंकला. म्हणूनच हा जय निखळ ठरतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. स्पर्धेला निघताना ग्रँडमास्टर पदासाठी लागणाऱ्या तीन नॉर्मपैकी एकही दिव्याच्या पदरी नव्हता. विश्वचषकाच्या विजयाने ते पद तिला थेट लाभले. झू जिनेर, द्रोणवल्ली हरिका आणि माजी जगज्जेती तान झोंगयी यांना नमवून ती हंपींसमोर बसली. थोरांशी झुंजल्यावाचून थोरवी येत नाही, हेच यातून सिद्ध झाले.

आमच्या जिल्ह्याने घ्यावयाचा बोध तो हाच. दिव्याला डॉक्टर आई-वडिलांचा भक्कम आधार होता. हिंगणघाट वा आर्वीकडील कापूस उत्पादकाच्या मुलीला परगावच्या स्पर्धेचा प्रवासखर्चही डोंगराएवढा वाटतो. तेव्हा तिच्या दाराशीच तोलामोलाचा प्रतिस्पर्धी आणून बसविणे, हे समाजाचे कर्तव्य ठरते. वयोगटांच्या कप्प्यांत मुलांना कोंडून ठेवणाऱ्या शालेय स्पर्धा आवश्यक असल्या तरी पुरेशा नाहीत. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून एकदा तरी खुली स्पर्धा भरावी, वाचनालयांनी सायंकाळी पट मांडावेत, आणि जुन्या, मुरलेल्या खेळाडूंनी निवृत्तीचा मान मिरविण्याऐवजी दहा-बारा वर्षांच्या पोरींसमोर बसण्याचे मनावर घ्यावे.

त्यांना हरण्याची भीती वाटेल. पण हंपींसारखी अग्रगण्य खेळाडू ज्या पराभवाला सामोरी गेली, त्याची लाज आमच्या ज्येष्ठांनी का बाळगावी? दिव्याचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो, आणि तितक्याच आदराने हंपींना वंदन करतो. एकीवाचून दुसरीचा गौरव अपुराच राहील.