घेणारा आणि विकणारा

गतवर्षी आपल्या महाविद्यालयात झालेल्या वादविवाद स्पर्धेचा विषय होता, ‘अमली पदार्थांचे सेवन हा गुन्हा मानावा की नाही?’ मी ‘मानावा’ या बाजूने बोललो होतो. ‘अध्यक्ष महाशय, समाजाला लागलेल्या या किडीचा नायनाट केलाच पाहिजे’ अशी सुरुवात करून सात मिनिटे आवाज चढवला, टाळ्या घेतल्या आणि दुसऱ्या क्रमांकाचे बक्षीसही मिळवले. आज मात्र माझेच भाषण मला खोडून काढावे लागत आहे.

त्याचे कारण सांगतो. स्पर्धेनंतर दोनेक महिन्यांनी एका रात्री वसतिगृहात एक विद्यार्थी बेशुद्ध पडला. त्याने काय घेतले होते ते कुणालाच ठाऊक नव्हते. काहीतरी घेतले होते, एवढे सगळ्यांना कळत होते. आम्ही आठ-दहाजण दाराशी उभे होतो. एकजण म्हणाला, ‘डॉक्टरांना बोलवा.’ दुसरा म्हणाला, ‘पोलीस केस होईल.’ तिसरा म्हणाला, ‘आपल्या सगळ्यांचीच नावे जातील.’ तो तिसरा मी होतो. जवळजवळ तासभर आमची ही परिषद चालली. शेवटी मेसचे आचारीमामा वर आले. ‘श्वास चालू आहे ना? मग उभे काय राहिलात?’ एवढेच बोलून त्यांनी त्याला खांद्यावर घेतले आणि रिक्षा गाठली. मुलगा वाचला. पण त्या तासाभरात तो गेला असता, तर त्याला कशाने मारले असे म्हणायचे? पुडीने, की आमच्या भीतीने?

या भीतीमागचा कायदा मी त्यानंतर वाचला. खरे तर भाषणापूर्वी वाचायला हवा होता. वर्तमानपत्रे ज्याला एनडीपीएस म्हणतात, तो कायदा १९८५ साली झाला. त्याच्या २७ व्या कलमानुसार नुसते सेवन हाही गुन्हा आहे. हेरॉईन, कोकेन यांसारख्या पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत कैद आणि इतरांसाठी सहा महिन्यांपर्यंत. किंवा दंड, किंवा दोन्ही. २००१ च्या दुरुस्तीने अल्प आणि व्यापारी प्रमाण वेगळे केले आणि व्यापारी प्रमाणासाठी दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी ठेवली. म्हणजे घेणारा आणि विकणारा सारखे नाहीत, हे कायद्यालाही कळते. ६४-अ कलमात तर स्वखुशीने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट देण्याचीही सोय आहे. दार आहे, पण ते पोलीस चौकीच्या आत आहे. आधी आरोपी व्हा, मग रोगी व्हा! घाबरलेला एकोणीस वर्षांचा मुलगा त्या दारापर्यंत पोचणार कसा?

‘पण बंदी तर आपल्या संस्कृतीतच आहे’ असेही मी त्या भाषणात ठोकून दिले होते. इतिहास काही वेगळेच सांगतो. १८९३ साली इंग्रज सरकारने भांग, गांजा आणि चरस यांची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. त्याने देशभर हिंडून हजाराहून अधिक साक्षी घेतल्या आणि १८९४ मध्ये निष्कर्ष दिला की अतिरेक घातक आहे, परंतु माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही. म्हणून सरसकट बंदी न घालता कर आणि परवाने यांनी नियंत्रण ठेवावे. आजच्या कायद्यातही गांजाच्या व्याख्येत झाडाचे फुलोरे येतात, नुसती पाने येत नाहीत. त्यामुळे महाशिवरात्रीची भांग एका बाजूला आणि त्याच झाडाचा फुलोरा दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी झाली आहे. गुन्ह्याची रेघ देवाने आखलेली नाही, माणसांनी आखली आहे. ती पुसून नव्याने आखता येते.

येथे कोणी विचारील, गडचिरोलीच्या स्त्रियांनी दारूबंदीसाठी लढा दिला आणि १९९३ साली ती मिळवली. त्या काय चुकल्या? मुळीच नाही. नवऱ्याची मजुरी गुत्त्यात जाताना जिने पाहिली, तिला शहाणपण शिकवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण तिची मागणी काय होती, ते नीट ऐकावे. दुकान बंद करा, असे ती म्हणत होती. माझ्या नवऱ्याला तुरुंगात घाला, असे नव्हे. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ साली लागू झालेली बंदी २०२१ मध्ये, बेकायदा दारू वाढल्याचे कारण देऊन, उठवण्यात आली. दुकानाला कुलूप लावणे सोपे, तहानेला लावणे कठीण.

परदेशांतही हा प्रयोग झाला आहे. पोर्तुगालने २००१ पासून स्वतःपुरता, सुमारे दहा दिवसांचा साठा बाळगणे हा फौजदारी गुन्हा राहू दिला नाही. पदार्थ कायदेशीर झाले नाहीत, विक्रेत्याची शिक्षाही कायम राहिली. पण घेणारा न्यायालयाऐवजी एका छोट्या मंडळापुढे जातो आणि तेथे त्याला उपचारांकडे वळवण्याचा प्रयत्न होतो. पुढील वर्षांत सुईवाटे नशा करणाऱ्यांमधील एचआयव्हीची नवी लागण तिथे खूपच घटली. उलट अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२१ मध्ये शिक्षा काढली, पण उपचारांची व्यवस्था रेंगाळली. त्याच काळात फेंटानिलचे विष पसरले आणि २०२४ मध्ये कायदा मागे फिरवावा लागला. दोन्ही उदाहरणे मिळून एकच गोष्ट सांगतात. नुसती बेडी काढून भागत नाही. बेडी काढणाऱ्या हाताने आधारही द्यावा लागतो.

तसा हात आपल्याकडे नाही असे नाही. पुण्यात गर्दची लाट आली होती, तेव्हा १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. लोक ज्याला ‘गर्दुल्ला’ म्हणून दगड मारत, त्याला तेथे पेशंट म्हटले गेले. एका शब्दाने केवढा फरक पडतो!

तेव्हा माझे आजचे म्हणणे एवढेच. विकणाऱ्यावरचा बडगा जराही ढिला करू नये. पण २७ वे कलम जावे, आणि ते जाण्याआधी प्रत्येक जिल्ह्यात व्यसनमुक्तीच्या खाटा उभ्या राहाव्यात. नाहीतर मोठे मासे खोल पाण्यात आणि गळाला लागते ती चिंगळी, हेच चालू राहील.

कायदा बदलणे आपल्या हाती नाही. पण वसतिगृहाचा नियम बदलणे आहे. आजारी मित्राला दवाखान्यात नेणाऱ्यावर, आणि ‘मला सुटायचे आहे’ म्हणून स्वतः पुढे येणाऱ्यावर, कसलीही कारवाई होणार नाही, असे प्राचार्यांच्या सहीचे एक पत्रक सूचनाफलकावर लागावे, अशी माझी नम्र विनंती आहे. पुन्हा अशी रात्र आली तर दाराशी उभ्या असलेल्या मुलांनी परिषद भरवू नये. त्यांनी आधी रिक्षा आणावी.