कुवेतची मास्तरीण

गेल्या डिसेंबरात आमच्या गल्लीतल्या एका मुलीच्या शाळेत 'देशोदेशीचे पोशाख' असा कार्यक्रम होता. बाईंनी चिठ्ठ्या टाकल्या आणि हिच्या वाट्याला अरबस्तान आले. आई दिवसभर कपड्याच्या कारखान्यात मशीनवर असते. तिने रात्री मोबाईलवर चित्रे पाहिली आणि दोन रात्री जागून पोशाख शिवला. गुलाबी घोळदार सलवार, टिकल्यांची आखूड चोळी, पोट उघडे आणि तोंडावर पातळ जाळीचे फडके. मुलगी सातवीतली. आरशासमोर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी पोट झाकू लागली.

तेवढ्यात शेजारच्या मावशी आल्या. मावशींनी ऐन उमेदीची नऊ वर्षे कुवेतमध्ये एका घरी मुले सांभाळण्यात काढली आहेत. त्यांनी विचारले, "हे कुठल्या देशातलं गं?"

"अरबस्तानातलं, मावशी."

"कुणी सांगितलं तुला? नऊ वर्षांत मी एक बाई अशी पाहिली नाही. आमची मॅडम शाळेत गणित शिकवायची. दुपारी घरी आली की चप्पल काढायच्या आधी पोरांच्या वह्या मागायची. पोरं मॅडमला जेवढी भ्यायची तेवढी बापाला भ्यायची नाहीत!"

आम्ही सगळे हसलो. पण घरी आल्यावर प्रश्न काही डोक्यातून जाईना. त्या माउलीने दोन रात्री जागून जी बाई शिवली, ती आली कुठून?

वाचकहो, ती सिनेमातून आली आहे. सिनेमाच्याही आधी तिचा बाजार मांडला गेला होता. 1893 साली अमेरिकेतील शिकागो शहरात मोठी जत्रा भरली होती. तिथे 'कैरोचा रस्ता' उभारून पोट हलवण्याचा नाच तिकीट लावून दाखवला, आणि गर्दी लोटली. पुढे सिनेमा निघाला तेव्हा हा माल तयारच होता. 1915 च्या सुमारास फॉक्स कंपनीने थीडा बारा नावाची नटी पुढे आणली. ही सहाराच्या वाळवंटात जन्मली, तिची आई अरब, अशी कहाणी कंपनीने वर्तमानपत्रांतून पसरवली. तिच्या नावाची इंग्रजी अक्षरे उलटसुलट केली तर 'अरब मृत्यू' असे शब्द होतात, हेही कौतुकाने सांगितले गेले. प्रत्यक्षात बाई अमेरिकेतल्या सिनसिनाटी गावची, एका ज्यू शिंप्याची मुलगी! शिंप्याच्या मुलीला अरब करून विकले, आणि लोकांनी तिच्याकडे बघून अरब बाई ठरवली.

आम्हांला यात नवल वाटले नाही. 1936 साली मुंबईत 'अछूत कन्या' निघाला. त्यात आमच्या मुलीची भूमिका केली देविकाराणींनी, विलायतेत शिकून आलेल्या, रवींद्रनाथ टागोरांच्या नात्यातल्या. चित्रपट बरा होता, हेतूही बरा असेल. पण ज्यांची कथा त्यांचा चेहरा नाही, त्यांचा शब्द नाही. म्हणून अरब बाईची ही गोष्ट आम्हांला परकी वाटत नाही.

लेबनॉनहून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबात जन्मलेले जॅक शाहीन नावाचे एक प्राध्यापक होते. 2017 साली ते वारले. त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे एकच काम केले. अमेरिकन चित्रपटांत अरब माणूस कसा दाखवतात ते पाहायचे आणि लिहून ठेवायचे. 2001 साली त्यांचे जाडजूड पुस्तक आले, त्यात नऊशेहून अधिक चित्रपटांचा हिशेब आहे. त्यातून बायकांचे जे चित्र निघते ते असे. एक तर नाचणारी, नाही तर काळ्या कपड्यातले गाठोडे. नाचणारीला शरीर आहे, गाठोड्याला तेही नाही. आणि तोंड दोघींनाही नाही.

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हा 1962 चा गाजलेला चित्रपट घ्या. सात ऑस्कर मिळाले. साडेतीन तासांहून मोठा, आणि एवढ्या वेळात एकही बाई एक वाक्य बोलत नाही! सगळे अरबस्तान जणू पुरुषांनीच जन्माला घातले. त्यात शरीफ अलीचे काम करणारा ओमर शरीफ इजिप्तचा. या चित्रपटाने तो जगभर प्रसिद्ध झाला. त्याची तेव्हाची पत्नी फातेन हमामा ही इजिप्तची फार मोठी नटी. ओमर शरीफ पहिल्यांदा पडद्यावर आला तो 1954 साली तिच्यासमोर नायक म्हणून, आणि तेव्हा ती आधीच नावारूपाला आलेली होती. नवऱ्याचे नाव आपल्याकडच्या सिनेमावाल्यांनाही माहीत. बायकोचे? आम्हांलाही हे लिहायला बसेपर्यंत ठाऊक नव्हते. तिच्याबद्दल पुढे सांगतो.

कोणी म्हणेल, सिनेमा तो सिनेमा, करमणूक आहे, एवढे काय मनाला लावून घ्यायचे? 'अलादीन'चेच बघा. 1992 चा डिस्नेचा कार्टूनपट. त्यातली राजकन्या जास्मिन अगदी गल्लीतल्या मुलीने घातला तसाच पोशाख घालते. राजकन्या धीट आहे, बोलते, हे कबूल. पण तिच्या शहराची ओळख करून देणाऱ्या पहिल्याच गाण्यात कान कापण्याची भाषा होती. अमेरिकेतल्या अरबांनी तक्रार केली म्हणून 1993 मध्ये व्हिडिओ कॅसेट काढताना ती ओळ बदलली. त्या शहराचे नाव अग्रबा. जगाच्या नकाशावर असे गाव नाही. तरी डिसेंबर 2015 मध्ये अमेरिकेत एका पाहणी संस्थेने मतदारांना विचारले, अग्रबावर बॉम्ब टाकावेत का? रिपब्लिकन पक्षाच्या 30 टक्के मतदारांनी होकार दिला. दुसऱ्या बाजूचेही 19 टक्के निघाले. कार्टूनमधल्या गावावर बॉम्ब! नाव अरबी वाटले, एवढे पुरे झाले.

याहून वाईट 2000 सालचा 'रूल्स ऑफ एंगेजमेंट'. येमेनमधल्या अमेरिकन वकिलातीसमोर जमाव जमतो, अमेरिकन सैनिक गोळीबार करतात, 83 माणसे मरतात. त्यांत बाया आहेत, मुले आहेत. एक पाय तुटलेली लहान मुलगी आपल्याला आधी दिसते, तेव्हा पोटात कालवते. शेवटाकडे चित्रपट आपल्याला दाखवतो की त्या बायांच्या हातात बंदुका होत्या आणि ती लंगडी पोरसुद्धा पिस्तूल झाडत होती. म्हणजे मारले ते ठीकच झाले. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आलेले पाणी त्याला परत गिळायला लावायचे, असा हा उद्योग. आम्हांला हा चित्रपट नाचणाऱ्या बाईच्या शंभर चित्रपटांपेक्षा घातक वाटतो.

आपला हिंदी सिनेमाही मागे नाही. 2012 च्या 'एक था टायगर'मध्ये 'माशाल्लाह' म्हणत कतरिना कैफ याच थाटाच्या पोशाखात नाचते. गल्लीतल्या आईला मोबाईलवर कोणते चित्र सापडले असेल ते आता वेगळे सांगायला नको.

आता फातेन हमामा. आमच्या मंडळातल्या एका मुलाने तिचा 1965 चा 'अल हराम' मोबाईलवर लावून दिला. खाली इंग्रजी अक्षरे येत, तो वाचून अर्थ सांगे. दिग्दर्शक हेन्री बरकात, कथा युसुफ इद्रिस यांच्या कादंबरीवरून. त्या वर्षी हा चित्रपट फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता.

यातली अझीझा ही शेतमजूर. इजिप्तमध्ये हंगामी मजुरांच्या टोळ्या असत. मुकादम त्यांना आपल्या गावाहून उचलून दूरच्या जमीनदारीवर न्यायचा. कापसावर पडलेली कीड वेचायची, उघड्यावर झोपायचे, मिळेल ते खायचे. त्या गावचे स्थानिक लोकही गरीबच, पण या टोळीवाल्यांना ते आपल्यापेक्षा हलके समजत, जवळ येऊ देत नसत. आमच्या बीडकडच्या ज्या बहिणी उचल घेऊन ऊसतोडीला जातात, त्यांना यापुढे काही सांगायला नको.

अझीझाचा नवरा आजारी पडून घरी बसलेला. त्याला रताळे खावेसे वाटते. फक्त एक रताळे. ती शेतात उकरायला जाते, तिथे मालकाचा पोरगा तिला गाठतो आणि तिच्यावर बलात्कार करतो. दिवस जातात. ती पोट आवळून बांधून टोळीबरोबर कामाला जाते, एकटी बाळंत होते, आणि पोर रडू नये म्हणून त्याचे तोंड दाबते. पोर मरते. मेलेले बाळ सापडल्यावर गावाचे बोट ताबडतोब टोळीकडे वळते. "त्यांच्यातलीच कुणीतरी." बाळंतपणाच्या तापात ती पडून राहते, सोबतचे मजूर तिला झाकून ठेवतात. ती जगत नाही.

'हराम' म्हणजे निषिद्ध, पाप. पाप कोणाचे, हे चित्रपट ओरडून सांगत नाही. फातेन हमामाचा चेहरा पाहिला की कळते. आमच्या खोलीत त्या दिवशी आठ बाया होत्या. पोर मेले त्या प्रसंगी मोबाईल धरलेला मुलगा वाचायचा थांबला, आणि कोणी त्याला पुढे वाच म्हणाले नाही.

टिकल्या नाहीत, काळे गाठोडे नाही. डोक्याला फडके बांधलेली, हाताला घट्टे पडलेली बाई. अरबांच्या स्वतःच्या सिनेमात ही बाई होती. आणखीही आहेत. ट्युनिशियाच्या मुफिदा त्लात्लींनी 1994 मध्ये राजवाड्यातल्या मोलकरणींवर चित्रपट काढला. वरच्या मजल्यावर मालक, खाली स्वयंपाकघरात बाया, आणि खालच्यांचा पहिला धडा गप्प राहण्याचा. सौदी अरेबियाच्या हैफा अल मन्सूर यांचा 2012 चा 'वज्दा' सायकलसाठी हट्ट धरणाऱ्या मुलीचा आहे. रस्त्यावरचे चित्रीकरण करताना या बाईंना गाडीत बसून वॉकीटॉकीवरून सूचना द्याव्या लागल्या, कारण बाईने चारचौघांत पुरुषांबरोबर काम करणे तिथे चालत नव्हते.

तेव्हा तिकडे सगळे आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही. सौदीत बाईला मोटार चालवायला परवानगी मिळाली 2018 साली. कुवेतमध्ये मतदानाचा हक्क मिळाला 2005 साली. पण हा अन्याय सांगितला कोणी, लढले कोण? त्याच बायका. 1975 साली फातेन हमामानेच नवऱ्यापासून सुटका मागत कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या बाईचा चित्रपट केला, 'मला तोडगा हवा' अशा अर्थाच्या नावाचा. त्याची इतकी चर्चा झाली की 1979 मध्ये इजिप्तने घटस्फोटाचा कायदा बदलला, त्यात या चित्रपटाचाही वाटा मानतात. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले ही हकिकत ज्या घरांत सांगितली जाते, त्या घरांना अशा कायद्याची किंमत कळेल.

गल्लीतल्या मुलीचे काय झाले ते सांगायचे राहिले. टिकल्यांची चोळी तिने घातली नाही. मावशींनी ट्रंकेतून मॅडमने दिलेला लांब गडद निळा झगा काढला, आईने तो चार बोटे दुमडून टाचला. डोक्याला रुमाल, नाकावर आजोबांचा चष्मा, हातात गणिताच्या वह्यांचा गठ्ठा. परीक्षकांनी विचारले, "तू कोण गं?" ती म्हणाली, "मी कुवेतची मास्तरीण. वह्या काढा." सभागृह हसले. बक्षीस जपानला मिळाले, कागदी पंखेवालीला. गुलाबी सलवारीच्या मात्र आईने दोन उशांच्या खोळी शिवल्या आहेत.