झोपेची गोळी आणि आपण



रात्रपाळी, कर्ज, घरातले आजारपण. यातले एक कारण पुरते आणि झोप उडते. आमचीही उडाली होती. ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय अल्प्राझोलमच्या गोळ्या आणल्या. सुरुवातीला बरे वाटले. पुढे एका गोळीने भागेना. कित्येक महिन्यांनी घाबरून एकदम बंद केल्या, तर हात थरथरू लागले आणि झोप पूर्वीहून वाईट. डॉक्टर रागावले. "ही गोळी एकदम सोडली तर झटकेही येऊ शकतात," म्हणाले. त्यांनी ती हळूहळू कमी करून सोडवली. या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई असून २०१४ पासून दुकानदाराने विक्रीची वेगळी नोंदही ठेवायची असते, हे आम्हांला तेव्हा कळले.

घरगुती उपायांचेही तारतम्य हवे. दुधात चिमूटभर जायफळ ठीक. जास्त झाले तर बाधते. अश्वगंधाने काहींना थोडा गुण येतो, पण क्वचित यकृताला अपायही झालेला आहे. दारूने डोळा लागतो, पण झोप मध्येच मोडते.

खरा गुण सवयीने आला. रोज ठरल्या वेळी उठणे, दुपारनंतर चहा बंद, वीसेक मिनिटांत झोप न आल्यास अंथरूण सोडून बसणे आणि पेंग आल्यावरच आडवे होणे. आज डॉक्टरही गोळीआधी हेच सांगतात.

आठवड्यातून तीन रात्री, असे तीन महिने झोप येत नसेल, तर दुखणे अंगावर काढू नका. सरकारी दवाखाना गाठा.