बर्फाच्या वाटेवर निघण्याआधी : सातारा-सांगलीतील ट्रेकर्स आणि पालकांना कळकळीचे आवाहन

परीक्षा संपल्या, की मिरज स्थानकात पाठीवर मोठ्या सॅक लावलेली मुले-मुली दिल्लीकडे निघालेली दिसतात. कुणाला हिमालयातला सार पास गाठायचा असतो, कुणाला केदारकंठा. हे वेड आपल्याकडे आहेच. साताऱ्याच्या प्रियांका मोहिते 2013 मध्ये एव्हरेस्टवर पोहोचल्या, 2022 मध्ये कांचनगंगेवर. हे वेड वाढायलाच हवे. पण एप्रिल-मे महिन्यांतला उरलेला बर्फ सह्याद्रीच्या सवयीवर पार होत नाही, हे प्रत्येकाने निघण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

यवतेश्वरचा घाट न थांबता चढणारा किंवा दंडोबाच्या डोंगरावर रोज जाणारा माणूस दमदार असतो, यात शंका नाही. परंतु सांगली समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आहे आणि सार पास सुमारे 4,200 मीटरवर. म्हणजे एकावर एक रचलेली अडीच कळसूबाई! तिथे एका श्वासात समुद्रकाठच्या तुलनेत जेमतेम 60 टक्के ऑक्सिजन मिळतो. विरळ हवेचा त्रास धडधाकट तरुणांनाही होतो. जून 2024 मध्ये उत्तराखंडातील सहस्त्रतालच्या वाटेवर कर्नाटकातील ट्रेकर्सचा गट हिमवादळात अडकला आणि नऊ जणांचा जीव गेला. दिनदर्शिकेत तेव्हा उन्हाळा होता.

म्हणून हात जोडून सांगणे आहे :

बर्फाचा टप्पा सकाळीच पार करा. पहाटे बर्फ कडक असतो, तेव्हा बुटांना मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे काटे) हवेतच. ऊन चढले की तोच बर्फ भुसभुशीत होतो आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. ओढ्यावरचा बर्फ खालून वितळत असतो. वरून तो सपाट, भक्कम दिसतो आणि पायाखालून पाण्याचा आवाज येतो. वाटाड्याने तपासल्याशिवाय त्यावर पाऊल टाकू नका. रीलसाठी उतारावर घसरगुंडी तर मुळीच नको. खाली खडक आहे की दरी, हे वरून दिसत नाही.

जीन्स आणि सुती टी-शर्ट घरीच ठेवा. सुती कपडा भिजला की लवकर वाळत नाही आणि वाऱ्यात अंगातली ऊब काढून घेतो. गॉगल चैनीची वस्तू नाही. ताजा बर्फ 80 टक्क्यांहून अधिक अतिनील किरणे परत फेकतो. ढगाळ दिवशीही डोळे भाजतात आणि काही तासांनी उघडता येईनासे होतात.

3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही विरळ हवेच्या त्रासाची पहिली लक्षणे. ती लपवू नका आणि ती असताना वर चढू नका. कुणाला बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, चालताना तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता त्याला सोबत घेऊन खाली उतरवा. अशा वेळी उतरणे हाच खरा इलाज आहे. औषधे सोबत ठेवायची ती डॉक्टरांना विचारूनच.

आई-वडिलांनाही विनंती आहे. मुलांच्या हातात पैसे देण्यापूर्वी ट्रेक नेणाऱ्यांना एवढे विचाराच : वाटाड्या स्थानिक आहे का? वनखात्याची परवानगी काढली आहे का? ऑक्सिजन सिलिंडर आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेला माणूस सोबत असेल का? हवामान बिघडले तर मागे फिरण्याचा निर्णय कोण घेणार, आणि तो सगळे मानणार का? राखीव दिवस ठेवला आहे का?

या प्रश्नांची नीट उत्तरे मिळाली नाहीत, तर ट्रेक कितीही स्वस्त असला आणि सगळे मित्र निघाले असले, तरी पैसे भरू नका.