दाते कोणाचे झिजावे?

मोटारीच्या एंजिनात नवी कॅमशाफ्ट बसवताना तिची किंमत, तिचा लौकिक आणि तिच्यायोगे वाढणारी अश्वशक्ती यांची कसून चौकशी करणारा गृहस्थ ती कोणत्या धातूची आहे हे विचारायला बहुधा विसरतो, आणि दुकानदारही ते आपण होऊन सांगण्याची तसदी घेत नाही. या दुहेरी मौनाचा भुर्दंड डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी पिनेने जखडलेल्या, कॅमशाफ्टच्या दात्यांत दाते गुंतवून फिरणाऱ्या, मुठीत मावेल एवढ्या एका गिअरवर पडतो.

माझ्या मेहुण्यांनी डेट्रॉइटजवळच्या आपल्या गॅरेजात शेव्हरोलेचे जुने व्ही-८ एंजिन नव्याने बांधले, तेव्हा हा प्रकार मी जवळून पाहिला. 1955 साली अवतरलेल्या त्या लहान ब्लॉकच्या एंजिनात मूळची कॅमशाफ्ट बिडाची, गिअरही बिडाचा, आणि दोहोंचा संसार वर्षानुवर्षे बिनतक्रार चाले. मेहुण्यांनी रोलर टॅपेटांसाठी पोलादी कॅमशाफ्ट आणली आणि जुना गिअर धडधाकट दिसतो म्हणून तोच कायम केला. महिन्याभरात टायमिंग ढळू लागले. डिस्ट्रिब्युटर उपसून पाहिला तो गिअरचे दाते वस्तऱ्यासारखे निमुळते झालेले, आणि तेलात फिरवलेल्या लोहचुंबकाला काळ्या चुऱ्याची दाढी फुटलेली!

हा गिअर केवळ ठिणगीची वेळ राखतो, असा समज आहे. वास्तविक तो ज्यावर बसतो त्या डिस्ट्रिब्युटरच्या दांड्याचे खालचे टोक ऑइल पंप फिरवीत असल्यामुळे, थंडीच्या सकाळी घट्ट झालेले तेल ढकलण्याचा सारा भार याच दात्यांवर येतो, आणि हौसेने अधिक दाबाचा पंप बसवणारा त्यात आणखी भर घालतो.

पोलादी कॅमशाफ्टला ब्राँझचा गिअर द्यावा, असे माझे मत आहे. तो लवकर झिजतो ही तक्रार खरी. परंतु त्याची नेमणूकच मुळी झिजण्यासाठी झालेली असते. गिअर बदलायला एक पिन ठोकून काढली की भागते, उलट कॅमशाफ्टचे दाते तिच्या अंगचेच असल्यामुळे ते गेले तर अर्धे एंजिन उकलावे लागते. रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला मात्र, कॅमशाफ्टच्या कारखानदाराची संमती असेल तर, पृष्ठभाग खास प्रक्रियेने कठीण केलेला पोलादी गिअर अधिक टिकाऊ ठरतो. धातू जुळला तरी माप पाहावेच: शेव्हरोलेच्या डिस्ट्रिब्युटरांचे दांडे 0.491 आणि 0.500 इंच अशा दोन जाडींचे मिळतात, आणि हा नऊ सहस्रांश इंचाचा फरक हातोडीने मिटवू पाहणारे महाभागही आहेत.

कॅमशाफ्टच्या कागदात तिचा धातू आणि तिला चालणारा गिअर नमूद नसेल, तर ती कितीही सवलतीत मिळत असली तरी परत करावी. तो उल्लेख करण्याची जबाबदारी विक्रेत्याची आहे, गिऱ्हाइकाच्या तर्काची नव्हे.

मेहुण्यांनी आता ब्राँझचा गिअर घातला आहे आणि अधूनमधून डिस्ट्रिब्युटर उपसून ते स्वतः दाते न्याहाळतात. लोहचुंबक मात्र खुंटीला टांगलेला असतो, कारण ब्राँझचा चुरा त्याला चिकटत नाही.